बगळ्याचा पाय

मिठागरावर वाफा एकट्याला मिळत नसे. जोडीलाच मिळे. नवरा-बायको, बाप-लेक, दोघे भाऊ, कोणीही चाले. पण हात चार हवेत आणि त्या चार हातांचं आपसात पटायला हवं. मीठ ओढायची लांब दांड्याची फळी एकाने ओढली की समोरच्याने ती झेलावी लागते. ओढणारा घाईत आणि झेलणारा रागात असला, की पांढऱ्या मिठात खालचा काळा चिखल आलाच म्हणून समजा. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला मुकादम मीठ पाहत नसे, माणसं पाहत असे. गेल्या हंगामात कोपऱ्यावरच्या वाफ्यातली जोडी भांडून वेगळी झाली, आणि आठवडा उलटायच्या आत तिथे मुकादमाचा साडू बायकोला घेऊन फळीसकट हजर. आता मुकादमाचा एक मेहुणा मागे राहिला होता, आणि त्याच्यासाठी मुकादमाची नजर एखाद्या चांगल्या वाफ्यावर होती.

चांगला वाफा म्हणजे धाकटीचा. मोठी जाऊ शहरात जाऊन दहा वर्षं झाली, घरात सून म्हणून ही एकटीच उरली, तरी नाव धाकटीच राहिलं. नवऱ्याला सगळे घुम्या म्हणत. तो तासभर गप्प बसला तर कोणी विचारत नसे, आणि सलग दोन वाक्यं बोलला तर लोक त्याला ताप आलाय का ते बघत.

अशा दिवसांत विद्यापीठातले लोक आले. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एक बाई आणि एक उंच, वाकून चालणारे सर. नवरा-बायकोचं नातं, शरीराचं आरोग्य, घरातलं बोलणं-चालणं यांचा अभ्यास करतोय, असं त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. लग्न झालेल्या सर्वांनी दुपारी शाळेत यावं, ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नये, जबरदस्ती नाही.

"आम्ही पाच पोरं वाढवली, आमच्याकडून कोणी कागद भरून घेतला नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आता काळ वेगळा आहे," धाकटी म्हणाली.

"काळ वेगळा, पण पोरं होतात तशीच ना?"

नऊ वर्षांची लेक पाटीवरून मान वर काढून ऐकत होती. सासूबाईंनी तिला पाणी आणायला पिटाळलं. या घरात ती पोर पाणी आणायला फार वेळा जायची. तिने काही विचारलं की माठ रिकामा व्हायचा. दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, "आईच्या पोटातलं बाळ कुठे गेलं?" तेव्हाही तिला पाणीच आणायला लावलं होतं.

शाळेत बायका एका वर्गात आणि पुरुष दुसऱ्या वर्गात बसले. बाक पहिलीच्या मुलांचे. गुडघे हनुवटीला लागत होते. शेजारची वहिनी बाकात अडकून बसली आणि म्हणाली, "बाई, आधी मला इथून बाहेर कसं काढणार ते लिहून द्या, मग मी तुमचं लिहिते."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग त्या हळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "कोणीही नाव लिहायचं नाही. घर क्रमांक नाही. सही नाही. कागद या पेटीत टाकायचा. कुठला कागद कोणाचा, हे आम्हालासुद्धा कळणार नाही. जे उत्तर द्यावंसं वाटणार नाही, ते सोडून द्या."

प्रश्न बहुतेक चौकटीत खूण करायचे होते. शरीराबद्दलची माहिती तुम्हाला कोणाकडून मिळाली? आई, मैत्रीण, नर्स, कोणाकडूनही नाही. धाकटीने शेवटच्या चौकटीत खूण केली. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा नर्स एवढंच म्हणाली होती, "आता जपा." काय जपायचं, किती दिवस जपायचं, कोणापासून जपायचं, हे काहीच सांगितलं नव्हतं, आणि विचारायला धाकटीची जीभ रेटली नव्हती. पंधराव्या दिवशी ती परत वाफ्यात उतरली होती.

शेवटचं पान कोरं होतं. वर एकच ओळ छापलेली: जोडीदाराला सांगावंसं किंवा विचारावंसं वाटतं, पण राहून गेलं, असं काही असेल तर लिहा.

"एवढ्या मोठ्या नवऱ्याला एवढंसं पान?" वहिनी पुटपुटली.

धाकटीने बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग एकदम लिहायला लागली. "मी रोज झोपेचं सोंग घेते. ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि मी श्वास लांब करते. मला त्यांचा राग नाही. मला परत पोट राहायची भीती वाटते. त्यांना वाटत असेल मी विटले. विटले नाही." कागदाची घडी घातली, पेटीच्या फटीत सरकवली, आणि पाठीवरचं पोतं उतरल्यासारखी ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ ओढून झालं आणि बांधावर रास उभी राहिली. आता राशीवर खूण करायची. प्रत्येक घराची खूण वेगळी, सासऱ्या-आजेसासऱ्यांपासून चालत आलेली. कोणाचा मासा, कोणाची शिडी, कोणाची नुसती दोन भोकं. धाकटीच्या घराची खूण म्हणजे बगळ्याचा पाय: खालून निघालेली एक रेघ आणि तिला वर फुटलेली तीन बोटं. ती खूण राशीवर, फळीच्या दांड्यावर, टोपलीच्या बुडावर, डब्याच्या झाकणावर, पोरीच्या पाटीच्या मागेही होती. मुकादमाच्या वहीत हजेरीपुढे सही करत नसत, हीच खूण काढत. हातातून सुटणाऱ्या कुठल्याही वस्तूवर ती आपोआप उमटायची.

धाकटीने दांड्याचं टोक ओल्या मिठात दाबलं. एक रेघ. एक बोट, दुसरं बोट. तिसरं बोट काढता काढता तिचा हात थांबला.

काल तिने कागदाच्या शेवटच्या कोपऱ्यात हेच काढलं होतं.

काढताना कळलंही नव्हतं. पान संपलं आणि हात फिरला, जसा मुकादमाच्या वहीत फिरतो तसा. ती तशीच उभी राहिली. पायाच्या भेगांत खारं पाणी चुरचुरत होतं, आणि नेहमी न जाणवणारी ती चुरचुर आता थेट डोक्यापर्यंत चढली. नाव लिहिलं असतं तर एकवेळ परवडलं असतं. एका नावाच्या चार बायका असतात. बगळ्याचा पाय मात्र सगळ्या मिठागरात एकाच घराचा.

"बोट राहिलं," समोरून घुम्या म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि तिसरं बोट ओढलं. ते वाकडं आलं.

पेटी कुठे आहे हे तिला माहीत होतं. बाई आणि सर खाडीपलीकडच्या वस्तीत गेले होते, तीन दिवसांनी परतणार होते. शाळेत पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती कुलूप लावून मुकादमाच्या शेडमध्ये ठेवली होती. किल्ली बाईंकडे. पण कुलूप म्हणजे पोरांच्या गल्ल्याला लावतात तेवढंसं.

दुपारी ती फळीला खिळा मागायच्या निमित्ताने शेडमध्ये गेली. पत्र्याची निळी पेटी टेबलाखाली होती. मुकादमाची बायको स्टुलावर बसून चहा गाळत होती.

"ये गं. बघितलीस का आमची तिजोरी?" तिने पायाने पेटीला टोला दिला. आत कागद खसखसले. "सगळ्या वस्तीची अब्रू माझ्या पायाशी. फट केवढी ठेवलीय बघ! सळई घातली तर एकेक वर येईल."

"घालू नका म्हणजे झालं," धाकटी म्हणाली. हसायला गेली, पण ओठ नुसते ताणले गेले.

"मी कशाला घालू? ह्यांचं मात्र काही सांगता येत नाही." तिने पलीकडे खुर्चीत बसलेल्या मुकादमाकडे हनुवटीने दाखवलं.

मुकादम मागे रेलला. "मला काय करायचंय पेटी उघडून? कोणाचं पटतं, कोणाचं नाही, ते मला फळी बघून कळतं." मग जरा थांबून म्हणाला, "तुमची फळी हल्ली जरा खालून खरवडते. काल तुमच्या राशीत काळं दिसलं."

"वाफ्याचा तळ उकरलाय. दाबून घेणार आहोत."

"घ्या, घ्या. हंगाम आहे तोवर घ्या."

खिळा घेऊन ती बाहेर आली. 'हंगाम आहे तोवर' म्हणजे काय? नेहमीचं बोलणं की काही वाचून झाल्यावरचं? तिने ते वाक्य बांधावरून चालताना दहा वेळा उलटंपालटं केलं. भित्याच्या पाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. घरी सासूबाईंनी विचारलं, "खिळा कशाला आणलास?" तर तिला कारण आठवेना.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. आकाशाच्या कडेला ढग साचायला लागले होते. पावसाची एक सर आली तर वाफ्यातलं तयार मीठ विरघळून जाणार, म्हणून सगळे घाईत. आणि नेमकी याच दिवसांत घुम्याची फळी बिघडली. तो कधी उगीच खोल ओढायचा, कधी वरच्या वर. दोनदा काळा चिखल वर आला. एकदा फळी त्याच्या हातातून सुटून तिच्या नडगीवर आदळली.

"लक्ष कुठे आहे तुमचं?"

तो काही बोलला नाही. ते नेहमीचंच. पण तिच्याकडे बघितलंही नाही, आणि हे नेहमीचं नव्हतं. घुम्या बोलत नसला तरी बघायचा. काम करताना तिची दमछाक झाली की तिने सांगायच्या आधी थांबायचा. आता तो शेडकडे बघत होता.

मग तो शेडकडे गेलासुद्धा. एकदा हातोडी आणायला, एकदा हातोडी परत द्यायला. त्यांच्या घरी हातोडी होती.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला बसले असताना धाकटी उठली. आज शेडमध्ये कोणी नसेल. पेटी उचलून काय करायचं, फोडायची की खाडीत टाकायची, हे तिने ठरवलं नव्हतं. पाय चालत होते. शेडच्या कोपऱ्यापाशी पोचली, आणि समोरून घुम्या बाहेर आला. त्याच्या हातात हातभर लांबीची तार होती. तिचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं.

दोघं समोरासमोर थिजले.

"ही तार?" ती म्हणाली.

"कुंपणाला."

"आपल्याला कुंपण कुठे आहे?"

त्याने तार पाठीमागे नेली. पहिलीतल्या मुलाने फोडलेली पाटी लपवावी तशी. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "चल, ढग येतायत," एवढं म्हणून तो तिच्या बाजूने निघून गेला.

धाकटी भिंतीला हात लावून उभी राहिली. म्हणजे त्याने तारेने कागद काढले. म्हणजे वाचलं. श्वास लांब करते, हे वाचलं. दोन वर्षं ज्या माणसाने खांद्यावरचा हात गुपचूप मागे घेतला, एकदाही आवाज चढवला नाही, त्याला आता कळलं की ती सगळी फसवणूक होती. आणि मुकादमानेच आधी वाचून त्याला सांगितलं असेल तर? मेहुण्याची फळी तयारच होती.

तेवढ्यात बांधावर धूळ उठली. विद्यापीठाची गाडी परत आली होती.

बाई शाळेच्या वर्गात टेबल पुसत होत्या. सर शेडमधून पेटी घेऊन आले, ठेवली आणि गाडीतली दुसरी खोकी आणायला गेले. धाकटी दारात उभी राहिली.

"या ना ताई. काय झालं?"

"बाई, माझा कागद मला परत द्या."

बाईंनी फडकं खाली ठेवलं. "देता येईल. पण तुमचा कुठला हे मला कळणार कसं? नावं नाहीत."

"खूण आहे."

"कसली खूण?"

धाकटीने खडू घेतला आणि फळ्यावर बगळ्याचा पाय काढला. मग एका दमात सगळं सांगितलं: रास, वही, डब्याचं झाकण, हाताची सवय, मुकादम, जोडीचा वाफा. तारेचं मात्र सांगितलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर बाई लहान मुलाच्या बाकावर बसल्या.

"चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "नाव नको, क्रमांक नको, सही नको, एवढं सांगितलं. खुणेचं आम्हाला सुचलंच नाही. तीन दिवस तुम्ही हे घेऊन फिरताय?"

धाकटीने मान हलवली. आता कुठे डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी कुलूप उघडलं. कागदांचा गठ्ठा बाहेर काढला, न वाचता घड्या उलगडून तो उलटा केला, आणि वरून एक मोठी वही आडवी ठेवली. फक्त खालचे कोपरे बाहेर राहिले. "हे बघा, मी एवढंच बघणार. वरचं मला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही." आणि त्या अंगठ्याने एकेक कोपरा उलटत गेल्या, नोटा मोजतात तसे नाही, पुस्तकाची पानं सोडवतात तसे, जपून.

मासा निघाला. शिडी निघाली. दोन भोकं निघाली. बाई स्वतःशीच "अरे देवा" म्हणाल्या.

मग बगळ्याचा पाय निघाला.

"हाच," धाकटी म्हणाली.

"कागद परत घेऊ शकता. नाहीतर नुसता कोपरा कापते. मग तो कोणाचाच राहणार नाही, आणि तुम्ही लिहिलेलं कोणाच्या तरी कामी येईल. जे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, ते दुसऱ्या कोणाला तरी सांगता येईल. ठरवायचं तुम्ही."

धाकटीने त्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "कोपरा कापा."

कात्रीचा आवाज झाला. बाईंनी तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला आणि बाकीचे कोपरे बघायला लागल्या. तळाशी आल्या आणि थांबल्या.

"अजून एक आहे."

धाकटी वाकली. तोच बगळ्याचा पाय. पण पेन इतकं दाबलेलं की कागद मधल्या बोटापाशी फाटला होता. कागदावर असं कोण लिहितं? मिठात दांडा दाबतो तसं पेन दाबणारा एकच माणूस तिला माहीत होता. मधलं बोट लांब काढायची खोडही त्याचीच.

तार. हातोडी. कानाच्या लाल पाळ्या.

ती बाकावर बसली. "हा... हा घरचाच आहे."

"हो, असं दिसतंय." बाईंनी वहीवर हात ठेवला.

"बाई, काय लिहिलंय ते..."

"ते नाही दाखवता येणार, ताई. तुमचा कागद मी त्यांना दाखवला असता तर?"

धाकटीने हातातला कोपरा मुठीत मिटला.

बाईंनी दुसरा कोपराही कापला आणि तिच्या हातात दिला. "कागदाला विचारण्यापेक्षा माणूस घरात आहे ना. आणि हे ऐका, मंगळवारी आरोग्य केंद्रात मोठ्या डॉक्टरबाई असतात. किती थांबायचं, काय जपायचं, भीती वाटली तर काय उपाय आहेत, सगळं नीट सांगतात. दोघं जा. एकटीने जाऊ नका. अर्धी गोष्ट घरी नेऊन पुरी सांगताना फार जड जातं."

ती वाफ्यावर परतली तेव्हा ढग निम्म्या आकाशावर आले होते. सगळीकडे फळ्यांची खरखर चालू होती. घुम्या एकटाच फळी ओढत होता, म्हणजे ओढायचा, मग पलीकडे जाऊन परत ढकलायचा. तिला पाहून थांबला.

"गाडी आली ना?" त्याने विचारलं. "पेटी नेली?"

"नेली." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, घोटाभर पाण्यात, आणि मूठ उघडली.

तळव्यावर दोन कोपरे. दोन बगळ्याचे पाय. एक नाजूक, एक फाटलेला.

घुम्याने आधी फाटका ओळखला. त्याचा चेहरा उतरला. मग दुसरा पाहिला. बघतच राहिला.

"तुझाही?"

"माझाही."

"तरी मी म्हणतो, खिळा कशाला आणला हिने."

"आणि तार?"

"मला माझा कागद काढायचा होता. तीन वेळा दुसऱ्यांचेच वर आले." मग घाईने म्हणाला, "परत आत टाकले. वाचले नाहीत. शप्पथ."

त्याने एका दमात इतकं बोललेलं तिने लग्नानंतर ऐकलं नव्हतं. तिला हसू फुटलं. तोंडावर हात धरला तरी थांबेना. तो गोंधळून बघत राहिला, मग इकडेतिकडे पाहून त्याने दोन्ही कोपरे तिच्या हातातून उचलले आणि तोंडात टाकून चावायला लागला.

"अहो!"

"मुकादमाच्या हाती नको." चावता चावता त्याने तोंड वाकडं केलं. "तुझ्या हाताचं मीठ लागलंय."

तिचं हसू ओसरलं. वारा सुटला होता. पलीकडच्या बांधावर मुकादम छत्री बगलेत धरून प्रत्येक वाफ्याकडे बघत येत होता. हीच वेळ होती. ही गेली तर माठ परत रिकामा होणार, आणि कोणीतरी पाणी आणायला जाणार.

"काय लिहिलं होतं तुम्ही?"

घुम्याने फळीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. शब्द शोधताना त्याच्या मानेची शीर ताठ झाली, भरलेली फळी ओढताना होते तशी.

"लिहिलं होतं की... ती जागी असते, मला माहितीये. झोपलेल्या माणसाचा श्वास असा मोजूनमापून नसतो." तो खाली पाण्यात बघत बोलत होता. "विचारायचं राहिलं होतं. भीती वाटते का, एवढंच. वाटत असेल तर मी हात ठेवणार नाही. पण पाठ करून नको झोपूस."

धाकटीला दोन वर्षांतल्या सगळ्या रात्री एकदम आठवल्या. तो जागा. ती जागी. दोघांमध्ये एवढीशी जागा आणि त्यात दोघांचं सोंग.

"वाटते," ती म्हणाली. "फार वाटते."

"मलाही."

"तुम्हाला कशाची?"

"तू गेली असतीस त्या वेळी." एवढं बोलून तो थांबला. त्याचे आजचे शब्द संपले होते.

ती पलीकडच्या बाजूला गेली आणि फळी झेलायला हात पुढे केले. "मंगळवारी आरोग्य केंद्रात जायचंय. दोघांनी."

त्याने मान हलवली आणि फळी ओढली. मिठाचा पापुद्रा करकरत तिच्याकडे आला, स्वच्छ, पांढरा, खालून काळ्याचा डागही नाही. तिने झेलला, परत लोटला. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्यावर गाल घासला. त्याने ते पाहिलं. फळी सोडली, पाण्यातून तिच्यापर्यंत आला आणि भर उजेडात तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तिने श्वास लांब केला नाही.

"अहो, फळी उचला," ती हळूच म्हणाली. "मुकादम बघतोय."

"बघू दे."